पहाटेचा आकडा

आमच्या घरात सकाळी सहाला चहाच्या आधी आकडा लागतो. चष्मा शोधायचा, पुढच्या खोलीत जायचं, काचेच्या टाकीपाशी वाकायचं आणि पेनासारखं मीटर पाण्यात धरून पीएच वाचायचा. मग वहीत तारीख, वेळ, तापमान, पीएच आणि शेरा. शेऱ्याचा रकाना लेकीनं आखून दिलेल्या तक्त्यात नव्हता, तो मी वाढवला. तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय मी. शेरा नसलेली वही मला वही वाटतच नाही.

टाकी माझी नाही, हे आधीच सांगते. माझी असती तर पहिल्याच उन्हाळ्यात भंगारवाल्याला दिली असती. ती माझ्या लेकीची. आमचं गाव बोरी बुद्रुक. इथून समुद्र बघायचा तर माळशेज घाट उतरून पुढं अर्धा दिवस मोडतो. आणि या बाईनं ऊस, कांदा आणि द्राक्षांच्या मधोमध, आमच्या टीव्हीशेजारी, तीन फूट समुद्र मांडून ठेवला. त्यात दोन केशरी मासे, अंगावर पांढरे पट्टे, एक थोरला आणि एक धाकटा. आणि एका खडकावर मोठ्या अळंबीसारखं दिसणारं मऊ प्रवाळ. ते झाड नाही, जनावर आहे. दिवसा अंगावरची बारीक बोटं फुलवून बसतं आणि काही बिनसलं की सगळी बोटं आत ओढून घेतं. गावातली माणसं यायची, टाकीपुढं खुर्ची ओढायची आणि विचारायची, "बाई, हे किलोचं कवा व्हनार?" एकीनं तर कालवणाला कसे लागतील तेही विचारलं. लेक अशा प्रश्नांवर नुसती हसायची. राग मला यायचा.

हे वेड तिला कुठून लागलं ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण तेव्हा तिचा कान माझ्या हातात होता. ती सहावीत होती. आमच्याच शाळेची सहल कोकणात गेली होती आणि सहलीत मी तिची आई कमी, बाई जास्त होते. ओहोटीला खडकांत पाणी साचून राहतं, तसल्या एका डबक्यावर ही ओणवी पडलेली. सगळी पोरं गाडीत बसली, हिचा पत्ता नाही. मी गेले आणि कान धरून उठवलं. "आई, आत सगळं हलतंय," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "आता गाडी हलेल, चल मुकाट्यानं." परतीच्या वाटेवर पोरं गाणी म्हणत होती आणि ही खिडकीला डोकं टेकून गप्प. डबक्यात काय हलत होतं ते मी विचारलंसुद्धा नाही.

पुढं ती अवसरीला इंजिनिअरिंगला गेली आणि शेवटच्या वर्षी ही टाकी घरी आली. आमच्या ह्यांचा विरोध वेगळाच. "जल्मभर रानातली खार धुता धुता कंबर मोडली माझी," हे म्हणाले, "आन ही पोरगी पोतं भरून मीठ घरात घिऊन आली!" खताच्या गोण्यांशेजारी समुद्री मिठाची गोणी ठेवायला त्यांनी मनाई केली, चुकून उसाला गेली तर? टाकीतलं बदललेलं खारं पाणी मोरीतून परसातल्या केळीला जाईल, म्हणून त्यांनी रस्त्याच्या कडेला, आपल्या बांधापासून लांब, खड्डा खणला. दोन महिन्यांत त्या खड्ड्याभोवतीचं गाजरगवत जळून गेलं. "बघ," मला म्हणाले, "हे पाणी आपल्या घरात हाय." पण त्या पाण्याची बादली त्यांनी लेकीला कधी उचलू दिली नाही.

मग तिला कॅनडात नोकरी लागली आणि ती गेली. एका वाक्यात लिहिलं, कारण झालंही तेवढ्याच घाईत. विमानतळावर म्हणाली, "आई, माझी काळजी करू नकोस, पाण्याची कर. त्याला रोजचे मोठे चढउतार सोसत नाहीत."

"आणि मला सोसतात?" मी म्हटलं.

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

समुद्राचं पाणी म्हणे दिवसा फारसं तापत नाही आणि रात्री फारसं निवत नाही. आमच्या घराचं तसं नाही. वैशाखात दुपारी भिंतीला हात लागला तर चटका बसतो आणि थंडीत पहाटे नळाखाली बोटं बधिर होतात. टाकीला मात्र बारा महिने पंचवीस-सव्वीस अंश हवेत. थंडीत हीटर आपला आपण लागतो आणि बंद होतो. लाइट गेली की आम्ही टाकीला गोधडी गुंडाळतो. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडायचा. पंख्यानं पाणी निवतं, पण आटतं, आटलं की खारटपणा वाढतो, म्हणून रोज खुणेच्या रेघेपर्यंत फिल्टरचं गोडं पाणी ओतायचं. फारच तापलं तर गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत ठेवायची, पण एका वेळी एकच. पहिल्या उन्हाळ्यात मी शहाणपणा करून तीन ठेवल्या. पाणी असं झपकन निवलं की प्रवाळानं दोन दिवस अंग मिटून घेतलं. वहीत मी स्वतःलाच शेरा दिला: "अतिउत्साह नको."

ह्यांची तऱ्हा निराळी. बराखीत साठवलेल्या कांद्यात कोपरापर्यंत हात घालून आत ऊब धरलीय का ते ह्यांना कळतं. तसाच हात टाकीत घालायचे आणि म्हणायचे, "अर्ध्यानं जास्त हाय." मी ओरडायचे, "हाताला फवारणीचं औषध असेल, काढा आधी!" मीटर लावलं की बरोबर अर्ध्या अंशानंच जास्त निघायचं. त्याचा मला अजून राग आहे.

तापमान निदान हाताला तरी कळतं. पीएचनं मात्र मला पुन्हा बाकावर बसवलं. आकडा खाली गेला की पाणी आंबट होतंय, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं लेकीनं फोनवर शिकवलं, आणि शिकवताना अगदी माझ्यासारखी खेकसली. दिवसा टाकीवर दिवे असतात. तेव्हा प्रवाळाच्या अंगातलं बारीक शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि आकडा चढतो. संध्याकाळी आठ पूर्णांक दोनपर्यंत जातो. दिवे मालवले की तो वायू खाणारं कुणी उरत नाही, सोडणारे सगळेच. पाणी सोडावॉटरसारखं आंबटत जातं आणि पहाटे दिवे लागायच्या आधी आकडा सगळ्यात खाली असतो. रोज चढणार, रोज उतरणार. फक्त उतार मोठा नको. म्हणून पहाटेचा आकडा.

माझी पहाट म्हणजे तिची आदल्या दिवसाची संध्याकाळ. मी वहीत शुक्रवार लिहायचे तेव्हा तिच्याकडे अजून गुरुवारच चाललेला असायचा. सहाच्या ठोक्याला फोन. "आई, किती?" मी आकडा सांगायचे, मग तापमान, मग प्रवाळ किती फुललंय ते. आणि त्या आकड्यांच्या मागून बाकीचं यायचं. आज बर्फ पडला. कुकरची रिंग खराब झाली. ऑफिसातल्या कुणीतरी तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी चमच्यानं नुसतीच खाल्ली. दहा मिनिटं चालायचं हे सगळं. त्या दहा मिनिटांवर माझा सबंध दिवस निघायचा.

आणि तेच मी माझ्या हातानं नासवलं. हातानं कशाला, जिभेनं. पहिल्या दिवाळीला येते म्हणाली होती, आली नाही. रजेचं आणि कागदपत्रांचं काहीतरी अडलं. मी पोरीला समजून घ्यायचं सोडून तिची शाळा घेतली. "माशांना तरी आमची गरज आहे," इथपर्यंत बोलले. ती एवढंच म्हणाली, "पीएच किती म्हणालीस?" त्यानंतर रोज फोन ठेवताना मी विचारायचे, "मग कधी येतेस?" रोज तिचा आवाज त्या प्रश्नापाशी येऊन मिटायचा, त्या प्रवाळासारखा. मला ते कळायचं. तरी विचारायचेच. काय करू, मला तेवढंच विचारायचं असायचं.

त्याच थंडीत पहाटेचा आकडा घसरायला लागला. सात पूर्णांक आठ, मग सात पूर्णांक सात, मग सात पूर्णांक पासष्ट. लेक घाबरली. तिनं एक प्रयोग सांगितला: टाकीतलं पाणी पातेल्यात घे, हवेचा पंप अंगणात ने, तासभर बुडबुडे सोड आणि पुन्हा मोज. मी कुडकुडत ओट्यावर पातेलं घेऊन बसले. दूधवाला थांबून म्हणाला, "बाई, पाण्याला ताप आलाय का?" तासाभरानं आकडा आठ पूर्णांक एक. तेच पाणी, नुसती बाहेरची हवा.

"म्हणजे घरातली हवा कोंडलेली आहे," लेक म्हणाली. "तुमच्या श्वासांचाच कार्बन डायऑक्साइड पाण्यात जातोय. रात्री खिडकी उघडी ठेवा."

आमच्या भागात ही गोष्ट बोलणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर कॅनडात असतो. ऊस खिडकीपासून वीस पावलांवर आहे आणि उसात बिबट्या असतो. असतो का, असतोच. मागच्या वर्षी ओट्यावरून आमचं कुत्रं उचललं त्यानं, साखळीसकट. दिवस मावळला की आमच्याकडे दारं-खिडक्या लागतात ते उजाडल्यावरच उघडतात. इथंच वाढलेली पोरगी हे विसरली, याचंच मला वाईट वाटलं. ह्यांनी तर फोन हातातून घेतला. "मासं जगवायला आमाला बिबट्याफुडं वाढून ठिवती का काय, राव?"

पण सकाळी हेच शेतातून ठिबकची काळी नळी घेऊन आले. खिडकीच्या चौकटीला कोपऱ्यात भोक पाडलं, नळीचं एक टोक हवेच्या पंपाच्या तोंडाला बसवलं, दुसरं बाहेर भिंतीवर माणसाच्या उंचीला खिळ्यांनी अडकवलं आणि टोकाला जाळी बांधली. आता खिडकी बंद ठेवूनही पंप बाहेरची हवा ओढायचा आणि टाकीत सोडायचा. पंपाला बॅटरी होती, लाइट गेली तरी चालायचा. दुसऱ्या पहाटे आकडा आठला टेकला. लेक फोनवर नुसती ओरडत होती, "आण्णा, तुम्ही भारी आहात!" हे लाजून गोठ्याकडे निघून गेले.

सगळं इतकं सुरळीत झालं आणि तिथंच माझं बिघडलं.

तिनं एक यंत्र पाठवलं. आळेफाट्याहून कुरिअरवाला घेऊन आला. छोटी पेटी, तिची एक वायर पाण्यात सोडायची, दुसरी वायफायला. तापमान, पीएच, सगळं दर मिनिटाला तिच्या मोबाइलवर. आकडा ठरावीक रेघेखाली गेला की तिच्याकडे घंटी वाजणार. "आता तुला पहाटे उठायला नको, आई," ती म्हणाली. "मला इथूनच दिसतं सगळं." किती मायेनं म्हणाली होती!

सहाचा फोन बंद झाला. आठवड्यातून एकदा, रविवारी यायचा. तब्येत कशी, बरी आहे. जेवलात का, जेवलो. मग मी विचारायचे कधी येतेस, आणि संपलं. मी तरी सहालाच उठायचे, वाकायचे, आकडा वहीत लिहायचे. पेटी लिहीत होती, मोबाइल लिहीत होता, वर मीही लिहीत होते. हे म्हणायचे, "अगं, आता कशाला?" मी म्हणायचे, "मशीनचा काय भरवसा." खरं सांगायचं तर सहा वाजता हात रिकामे ठेवून बसणं मला जमत नव्हतं. फोन समोर टेबलावर असायचा. मेला वाजायचा नाही.

अशी पुढची थंडी आली. एका संध्याकाळी शेजारच्या द्राक्षबागेत फवारा चालू होता. औषधाचा वास नळीतून टाकीत जायला नको म्हणून ह्यांनी बाहेर जाऊन नळीचं टोक दुमडलं आणि वर आठाच्या आकाराची कडी चढवली. ठिबकच्या प्रत्येक नळीचं शेवटचं टोक आमच्याकडे असंच बंद करतात. हे ती उघडायला विसरले. पहाटे मी वाकून आकडा बघते तोच फोन वाजला.

"आई! सात पूर्णांक सहा! काय झालं?"

धावत बाहेर गेले, कडी काढली, नळी सरळ केली. ती म्हणाली, "थांब, ठेवू नकोस. आकडा चढेपर्यंत मी आहे." आकडा हळूहळू चढतो. सवा तास लागला. सवा तास! तिनं भाजी चिरली, फोडणी दिली, जेवली, भांडी घासली, सगळं माझ्या कानात. मी गावातली लग्नं सांगितली, कुणाच्या म्हशीला रेडी झाली ते सांगितलं. कधी येतेस हे विचारायचं त्या दिवशी माझ्या लक्षातच आलं नाही. आठचा आकडा दिसला तेव्हा मला वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी मी स्वतः बाहेर गेले. कुणी बघत नाही ना ते पाहिलं. नळीचं टोक दुमडलं आणि वर कडी चढवली.

लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आयुष्यभर पोरांच्या चोऱ्या पकडल्या मी. पट्टीच्या टोकानं हात उघडायला लावून खडू, चिंचा, चिठ्ठ्या बाहेर काढल्या. आणि साठी ओलांडल्यावर मी भिंतीच्या आडोशाला जाऊन हे करत होते. पहाटे फोन वाजला. "आई, परत पडलाय!" मी म्हटलं, "बघते हं," आणि इतक्या सावकाश चपला घातल्या की काय सांगू. तिनंही घाई केली नाही. आधी मी हे आठवड्यातून एकदा करायचे, मग दोनदा. सात पूर्णांक सहा-सातला मासे मरत नाहीत, हे मी तिच्याकडूनच शिकले होते, त्यामुळे मनाची समजूत घालायला सोपं गेलं. प्रवाळ मात्र दिवसेंदिवस मिटलेलं राहायला लागलं. वहीत मी शेरा लिहिला: "हवामान." वहीत खोटं लिहायची माझी ती पहिली वेळ.

अशाच एका बुधवारी मी नळी दुमडली होती. मध्यरात्रीनंतर कधीतरी गावातला विजेचा डीपी उडाला. लाइट गेली. टाकीतलं पाणी फिरवणारी मोटर बंद पडली, वायफाय बंद, लेकीची घंटी बंद. बॅटरीवर पंप तेवढा चालू राहिला, गुणगुणत, पण त्याला ओढायला हवाच नव्हती. दुमडलेल्या नळीतून काय येणार? टाकीतलं सगळं जगणं रात्रभर त्या एका नळीवर होतं आणि ती मी बंद केली होती.

हे माझ्या आधी उठले होते. मी पुढच्या खोलीत आले तेव्हा हातबॅटरी घेऊन टाकीसमोर उभे होते. थोरला मासा पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होता. धाकटा खडकाच्या बुडाशी आडवा पडलेला. हे बाहेर गेले. कडी काढल्याचा आवाज मला आतून ऐकू आला, आणि लगेच टाकीत बुडबुडे सुटले. धाकट्याला त्याचा उपयोग नव्हता.

"ही मी नाय दुमडली," दारात उभं राहून हे म्हणाले.

"मी दुमडली."

"का?"

"आकडा पडला की तिचा फोन येतो."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उंबऱ्यावर बसले. बराच वेळ बॅटरीचं बटण चालू-बंद करत राहिले. मग म्हणाले, "अगं, आपलीच पोरगी हाय. सरळ लावायचा की फोन."

"लावून काय बोलू?"

"मला काय इचारती? मला तर ती नुसती इचारती, आण्णा, जेवलात का. मी म्हनतो व्हय. झालं." आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. या माणसालाही ती हवी असेल, हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

धाकट्याला त्यांनी ओंजळीत घेतलं. रस्त्याकडच्या खाऱ्या खड्ड्यात टाकलं नाही. परसात नेलं आणि केळीच्या बुडाशी, मऊ मातीत पुरलं.

दहाच्या सुमारास मी फोन लावला. तिच्याकडे किती वाजले असतील याचा हिशेब आयुष्यात पहिल्यांदा केला नाही. पहिल्याच रिंगला उचलला तिनं.

"आई? तुमच्या रात्रीपासून मोबाइलवरची रेघ तुटलीय. मी जागीच आहे, बघत बसलेय. काय झालं?"

"धाकटा गेला," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. कडी, नळी, बुधवार, सगळे बुधवार. वहीतलं खोटंसुद्धा. वर्गापुढं उभं राहून चूक कबूल करणारी पोरं मला आठवत होती. त्यांचा आवाज कसा व्हायचा तसा माझा झाला होता.

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"नळी उघडी असली की रेघ रात्रभर हळूहळू उतरते. तू दुमडतेस त्या दिवशी दिवे मालवल्या मालवल्या धाडकन उतरते. पहिल्या दोन वेळा नाही कळलं. तिसऱ्यांदा कळलं."

"मग बोलली का नाहीस, गं बाई?" माझा आवाज चढला. माझी चूक असूनही चढला.

"बोलले असते तर तू दुमडायची थांबली असतीस."

"नुसता फोन नव्हता करता येत तुला?"

"नुसता केला की तू विचारतेस, कधी येतेस." आता ती रडत होती. "मला माहीत नसतं, आई. खरंच माहीत नसतं. आणि नाही म्हणायला लागलं की मला दोन दिवस काही सुचत नाही. पीएच पडला की तू ते विचारत नाहीस. म्हणून मी गप्प बसले. धाकटा माझ्यामुळंही गेलाय."

मी टाकीसमोर खाली बसले होते. लाइट नुकतीच आली होती, मोटर सुरू झाली होती. थोरला मासा खडकाच्या बुडाशी जायचा, तिथं घुटमळायचा, वर यायचा, पुन्हा तिथंच जायचा. माझ्या जिभेवर तोच प्रश्न तयार होता, सवयीनं. मी तो गिळला.

"त्या डबक्यात काय हलत होतं गं?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"सहलीत. मी तुझा कान धरला होता ते."

ती रडता रडता हसली. आणि मग सांगायला लागली. तिच्याकडे मध्यरात्र होत आलेली, तरी सांगत होती. एक इवलासा खेकडा होता, कुणाच्या तरी शंखात राहणारा. त्याला ते घर लहान झालं होतं, आणि तो शेजारच्या मोठ्या रिकाम्या शंखापुढं बसून आत जाऊ की नको करत होता. पाय बाहेर काढायचा, पुन्हा जुन्यात घ्यायचा. "त्याचं काय झालं ते मला बघायचं होतं," ती म्हणाली. "तेवढ्यात तू आलीस."

"चुकलं माझं," मी म्हटलं. आईपणात आणि बाईपणात मिळून हा शब्द मी तिला पहिल्यांदाच म्हणाले.

त्या संध्याकाळी ह्यांनी नळीच्या टोकाची कडी काढून खिशात घातली. फवारा असला तर आता स्वतः जाळीवर ओलं फडकं बांधतात आणि निजायच्या आधी आठवणीनं सोडतात. मी दारं-खिडक्या लावल्या. रात्री उसात काहीतरी सळसळलं, कुत्री भुंकली, आणि मी नळीतून आत येणाऱ्या हवेचा आवाज ऐकत पडून राहिले.

सकाळी आकडा आठ पूर्णांक शून्य पाच होता. काहीच पडलं नव्हतं, काळजीचं कारण नव्हतं, घंटी वाजायचंही कारण नव्हतं. मी वही उघडली, मागचा "हवामान" खोडून खरा शेरा लिहिला. प्रवाळ अजून मिटलेलंच होतं. सहा वाजले. फोन वाजला.

"आई, किती?"

आकडा तिच्या हातातल्या मोबाइलवर होताच. मी चष्मा लावला, टाकीपाशी वाकले आणि तिला वाचून दाखवला.